पोथीतले अक्षर झुकले तर?

कर्वेनगरात कमिन्स कॉलेजच्या आसपास झेरॉक्स आणि डीटीपीची जी दुकाने आहेत, तिथे एकाच पडद्यावरून दोन जगांतला मजकूर बाहेर पडतो. एकीकडे अभियांत्रिकीच्या मुलींचे प्रकल्प-अहवाल, दुसरीकडे सत्यनारायणाची निमंत्रणे, पारायणाची पत्रके, वास्तुशांतीच्या पत्रिका. अहवालातली ‘टाइम्स न्यू रोमन’ची उपशीर्षके ठळक आणि तिरपी करायची असतात, त्यामुळे ‘बी’ आणि ‘आय’ या दोन बटणांची हाताला सवय झालेली असते. त्याच ओघात ‘श्री गणेशाय नमः’ही जाड होते आणि उजवीकडे कलते. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. ज्या शब्दांपुढे माणूस हात जोडतो, त्यांचा आकार वाकवला तर शब्द तोच राहतो का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तसा तो फार जुना आहे. मीमांसकांनी तो ध्वनीच्या बाजूने सोडवला, समर्थांनी लेखणीच्या बाजूने.

आधी ते रोमन अक्षर नीट पाहायला हवे. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेल्या बारीक आडव्या पट्ट्या. उभ्या वळणात त्या पट्ट्यांवर अक्षर पाय रोवून उभे राहते. इटॅलिक करताना मात्र नुसते अक्षर कलवून भागत नाही, ते नव्याने काढावे लागते. छोटा ‘ए’ आपला वरचा मजला टाकून देतो, ‘एफ’ ओळीखाली उतरतो, अक्षरे अंग चोरून जवळजवळ येतात आणि टोकाच्या पट्ट्यांच्या जागी लेखणी कागदावर टेकल्याची व उचलल्याची छोटी आकडी उरते. त्यात ठळकपणा घातला की पंचाईत सुरू होते. जाड रेघा अक्षराच्या पोटातली पांढरी जागा खातात, जिथे कमान दांड्याला मिळते तिथे शाई साचते, म्हणून चांगला कारागीर ते सांधे मुद्दाम खोल कोरतो. जमले तर हे अक्षर देखणे दिसते. त्यात वजन असते आणि धावही असते. मथळे, जाहिराती, बाटल्या-डब्यांवरची नावे ही त्याची हक्काची ठिकाणे. शब्दकोशात मुख्य शब्द ठळक आणि व्याकरणाची खूण तिरपी ठेवली की वाक्प्रचारांसाठी ठळक-तिरपा वापरायची सोय होते. सलग मजकुरात मात्र पानाला एखादा शब्द पुरतो. दुसरा आला की दोघेही ओरडू लागतात.

या दोन गुणांची घराणी वेगळी आहेत. मजकुराच्या साध्या अक्षरांत मिसळून एखादा शब्द उठून दिसावा, यासाठी घडवलेला ठळक टाइप हे एकोणिसाव्या शतकातले काम. लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेच्या रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ मध्ये ‘क्लॅरेंडन’ नोंदवला, तो या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. इटॅलिक त्याहून साडेतीन शतके जुने. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुतियुस या छापखानदारासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने ते कोरले. १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य अथपासून इतिपर्यंत त्याच वळणात, हातात मावेल अशा आकारात निघाले. तेव्हा तिरपे अक्षर जोर देण्यासाठी नव्हतेच. सुशिक्षित माणसाचा आणि कचेऱ्यांतल्या लेखनिकांचा भरभर चालणारा हात त्या खिळ्यांत उतरला होता.

देवनागरीत ही जोडगोळी आणली की काय होते? आपल्याकडे सेरिफ नाही, शिरोरेषा आहे. अक्षर जमिनीवर उभे नसते, रेषेला लटकलेले असते. बोरूची कापही रोमन लेखणीच्या उलट, त्यामुळे जाड-बारीक रेघांची वाटणी उलटी. संगणकाचे ‘आय’ बटण यातले काही जाणत नाही. ते प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवते. शिरोरेषेवरची वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात, ओळीखालचा उकार डावीकडे घसरतो, गोल ‘व’ चेपतो, एका दिशेच्या रेघा सुजतात तर दुसऱ्या दिशेच्या वाळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने काढलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट आज मराठीत सर्रास दिसतो. त्यात बारीकपासून अतिठळकपर्यंत सात वजने आहेत, तिरपे वळण एकही नाही. ‘अडोबी देवनागरी’मध्ये साधे, ठळक, तिरपे आणि ठळक-तिरपे अशी चारही रूपे आखून दिलेली आहेत. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले. पण पहिल्यामागे देवनागरीची सवय आहे आणि दुसऱ्यामागे चार खान्यांची रोमन चौकट.

खरे तर मराठीजवळ स्वतःचे इटॅलिक होते. मोडी. हेमाडपंतांनी ती आणली ही परंपरागत समजूत बाजूला ठेवू. आधी पानभर रेषा आखून घ्यायच्या आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता, अक्षरे वळवत, कलवत पुढे जायचे. वसुलीचे हिशोब, कौलनामे, पत्रे, पुण्यातल्या पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल, सारे मोडीत. पोथी लिहायची वेळ आली की लेखणी बाळबोधीकडे, म्हणजे सरळ देवनागरीकडे वळे. सरसकट नियम नव्हता, मोडीत उतरवलेल्या अभंग-आरत्यांची बाडेही सापडतात. तरी कल स्पष्ट होता. कललेले अक्षर व्यवहाराचे, सरळ अक्षर परमार्थाचे. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला १८१० मध्ये मराठी शब्दकोश छापला तो मोडीच्या खिळ्यांत. पुढे छापखान्यात बाळबोधीने मोडीला हरवले आणि मराठीचा एक हातच गेला. पोथी आणि पावती दोन्ही आता एकाच वळणात.

बाळबोध कशी असावी, याचा तपशील एका धर्मग्रंथातच मिळतो, ही मराठीची मौज. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ रामदास तिथे अक्षरकाराला जवळजवळ कामाचा आराखडाच देतात. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे; शाई कुळकुळीत; चहूबाजूंनी जागा सोडलेली, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर जाऊ नये. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते वाचवणार नाही, इतका व्यवहारी सल्लाही आहे. बोरू कुठले आणावेत, हिंगूळ जवळ ठेवावा, हेही सांगून होते. या सगळ्याच्या मध्यभागी एक अट आहे: पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत काळेपणा, टाकाची जाडी आणि वळण सारखेच राहिले पाहिजे, सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिलाय असे वाटले पाहिजे.

म्हणजे अक्षराने मध्येच स्वतःचे मत देऊ नये. लिहिणारा दमला, रमला, एखाद्या ओवीने हेलावला, तरी ते अक्षरात दिसता कामा नये. जुन्या पोथ्यांत ‘उवाच’, दंड किंवा अध्यायसमाप्तीची पुष्पिका लाल शाईत दिसते. पण तो लाल रंग कुठे थांबायचे आणि कोण बोलते आहे एवढेच दाखवतो. कुठला शब्द महत्त्वाचा, हे सांगत नाही.

ही शिस्त नुसत्या सौंदर्यदृष्टीतून आली असेल का? मला तसे वाटत नाही. तिच्यामागे शब्दाविषयीची एक धारणा आहे, आणि तिथे मीमांसकांकडे जावे लागते. शब्द नित्य आहे, असे मीमांसासूत्रांत जैमिनींचे म्हणणे. पूर्वपक्षी विचारतो: पुष्कळ लोक एकदम बोलले की आवाज वाढतो, मग शब्द वाढला ना? जो वाढतो तो नित्य कसा? सूत्रांच्या पहिल्याच अध्यायात उत्तर येते: वाढतो तो नाद, शब्द नव्हे. शंभर जणांनी ‘गाय’ म्हटले म्हणून गाय मोठी होत नाही आणि ‘गाय’ हा शब्दही. ठळक टाइपचे इतके नेमके तत्त्वज्ञान एकाही मुद्रणतज्ज्ञाने लिहिलेले नाही. जाड खिळा म्हणजे नादवृद्धी. शाई जास्त लागली, वचन होते तेवढेच राहिले.

भर्तृहरी हीच गोष्ट आणखी बारकाईने बोलतो. द्रुत, मध्यम, विलंबित अशा कोणत्याही लयीत म्हटले तरी व्यक्त होणारा शब्द एकच. लयीचा भेद ध्वनीच्या अंगाला लागतो, स्फोटाला, म्हणजे त्या व्यक्त होणाऱ्या शब्दाला, नाही. यावर विसंबले तर डीटीपीवाल्याचे काहीच चुकत नाही. दाबा दोन्ही बटणे.

पण याच परंपरेने एक अगदी उलटी गोष्टही जपून ठेवली आहे. इंद्राने आपल्या मुलाला मारले म्हणून त्वष्टा सूड घ्यायला निघाला. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने आहुती दिली आणि ‘इंद्रशत्रू’ वाढो असे म्हटले. स्वर चुकला. शेवटच्या अक्षरावर हवा होता तो पहिल्यावर पडला, समास बदलला, ‘इंद्राला मारणारा’ ऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार’ असा अर्थ झाला. तो पुत्र, वृत्र, जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. व्याकरण कशासाठी शिकायचे, हे सांगताना पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी ही गोष्ट आठवली आहे. एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता केवळ स्वर. म्हणून तर वेदाच्या संहितेत अक्षराखाली आडवी आणि डोक्यावर उभी रेघ मारायची पद्धत पडली. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ पासून सायणभाष्यासह ऋग्वेद छापायला घेतला, तेव्हा जुळाऱ्यांच्या पुढ्यात या रेघा होत्याच.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की ठळक आणि तिरपे यांतला फरक उघड होतो. ठळकपणा नादासारखा आहे: किती, एवढेच सांगतो. तिरपेपणा स्वरासारखा: कोणत्या सुरात, हे सांगतो. आवाज चढवला तर वाक्य तेच राहील; सूर बदलला तर ‘फार शहाणा आहेस’ ही स्तुती राहणार नाही. सार्थ ज्ञानेश्वरीत मूळ ओवी ठळक आणि खालचा अर्थ साधा छापण्याची रीत कुणाला खटकली नाही, यात नवल नाही. तिथे जाड खिळ्याने ओवीचा अर्थ वळवलेला नाही, मान कुणाचा एवढे दाखवले आहे. पण त्याच ओवीतला एकच शब्द तिरपा केला, तर ते भाष्य झाले. आणि भाष्यकाराने आपले नाव सांगितलेले नाही.

वारकरी कीर्तनात हे भाष्य तोंडी चालते आणि चालायलाच हवे. एकच अभंग, आज बुवा पहिल्या चरणातल्या क्रियापदावर थांबतील, उद्या दुसरे बुवा शेवटच्या नावावर. टाळकरी ध्रुपद धरून ठेवतात तेवढ्यात निरूपण कुठून कुठे जाऊन येते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तुकोबांची गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत सरकारी खर्चाने संपादून काढली, ती तळाला पाठभेद देत. कुठला शब्द आळवायचा, हे त्यांनी छापले नाही. छापले असते तर बुवांचा निम्मा अधिकार जुळाऱ्याकडे गेला असता.

छापखान्याच्या आगमनाने धर्माला धक्का बसला, तो आधी अक्षराच्या आकाराने नव्हे तर पदार्थाने. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापायचा घाट घातला गेला. चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाच्या आश्रयाने एक तांबट ते काम शिकला होता. पेशवाईतल्या उलथापालथीत बेत मागे पडला आणि १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापली गेली. त्यानंतर मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले तेव्हा सोवळ्यातल्या मंडळींचा आक्षेप शाईतल्या चरबीवर होता, आणि गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असे सांगतात. आक्षेप शाईतल्या तुपाने मिटतो, हे कळल्यावर छापील पोथी देवघरात गेली. १८६९ मध्ये जावजी दादाजींचे निर्णयसागर उभे राहिले; राणोजी रावजी आरूंनी घडवलेल्या तिथल्या खिळ्यांत समर्थांची अट जवळपास तंतोतंत उतरली होती. वाटोळे, सरळ, मोकळे, काळे.

युरोपात धर्मग्रंथाने मात्र तिरपे अक्षर कामाला लावले, आणि तेही अनपेक्षित कामाला. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये, मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये नसलेले पण इंग्रजी वाक्य पुरे करण्यासाठी घालावे लागलेले शब्द तिरपे छापले गेले. १६११ चे किंग जेम्स बायबल जाड गॉथिक अक्षरांत होते, त्यात असे शब्द बारीक रोमन खिळ्यांत आले. पुढच्या रोमन आवृत्त्यांत ते तिरपे झाले. म्हणजे अर्थ ‘इकडे लक्ष द्या’ असा नव्हता. ‘हा शब्द आमचा, देवाचा नव्हे’ असा होता. पुढे तिरपे म्हणजे जोर, ही सवय रुजली आणि घोटाळा झाला. इंग्रजी पाद्र्यांत एक जुना विनोद आहे. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात एक म्हातारा संदेष्टा मुलांना गाढवावर खोगीर घालायला सांगतो, आणि मुले ‘त्याच्यावर’ खोगीर घालतात. ते ‘त्याच्यावर’ तिरपे छापलेले. कुणा उत्साही वाचकाने त्यावर जोर दिला आणि मंडळीला वाटले, पोरांनी बापाच्याच पाठीवर खोगीर चढवले.

आपली भर उघड दाखवण्याच्या या प्रामाणिकपणाची गरज मराठीलाही लागली होती, आणि तिचा एक धागा कर्वेनगरातून जातो. हे जुने हिंगणे बुद्रुक. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर धोंडो केशव कर्व्यांनी १९०० मध्ये विधवांचा आश्रम इथे आणला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्या रमाबाईंनी पुढे केडगावला बसून बायबल थेट हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणले, मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनी खिळे जुळवले, आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते बाहेर पडले. मुळाला चिकटून अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक पानावर ठरवावे लागते: हा ‘आहे’ मुळात नाही, घालू की नको? मराठी त्यात थोडी भाग्यवान. आपल्याला ‘आहे’शिवाय चालते, इंग्रजीला चालत नाही.

कर्वेनगरहून लॉ कॉलेज रस्त्याला लागले की भांडारकर प्राच्यविद्या संस्था फार दूर नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे झाली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी पाया घातला, काम १९६६ मध्ये पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून जो पाठ निश्चित वाटला तो साधा छापला. जिथे संपादकांची खात्री कमी, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. महाभारतासारख्या ग्रंथाच्या पोटात ‘इथे आम्ही साशंक आहोत’ असे छापायचे, तेही अक्षर न वाकवता. जिनिव्हाच्या तिरप्या खिळ्याचे हे देवनागरी भावंड. माझ्या मते धर्मग्रंथात आकाराने केलेली याहून उमदी ढवळाढवळ भारतात झालेली नाही.

एकनाथांचा मार्ग याहून कडक होता. ज्ञानेश्वरीच्या प्रती फिरत फिरत त्यात ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, पाठ शुद्ध केला आणि ताकीद दिली: यात कुणी आपली ओवी घातली, तर अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखे होईल. नाथांनी काय काढले, काय ठेवले, शब्दांची रूपे किती बदलली, हे मात्र त्या प्रतीत दिसत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये निराळ्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी छापली आणि वाद पेटला तो त्यामुळेच. आपली भर घालणे नाथांना पाप वाटले. जिनिव्हाच्या अनुवादकांना भर टाळता येईना, म्हणून त्यांनी तिला कलते अक्षर दिले. दोघांची भीती एकच होती.

आल्डुसच्या छापखान्यात तिरपे अक्षर पहिल्यांदा उमटले ते व्हर्जिलच्याही आधी, १५०० मध्ये, सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रसंग्रहातल्या एका चित्रात. संत उभी आहे, तिच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात हृदय, आणि त्यांवर येशूच्या नावाचे मोजके शब्द त्या नव्या खिळ्यांत. कचेरीतला पळता हात थेट देवाच्या नावावर. मराठीत असे झाले असते, तर मोडीच्या वळणाने घडवलेली, शिरोरेषा सरळ ठेवून खालचे अंग तेवढे वळवणारी, देवनागरीची खरी जोडीदार लिपी मिळाली असती. अजूनही कुणी करू पाहील तर मोडीचे रुमाल पुण्यातच आहेत. अशा लिपीचे पहिले काम मात्र निमंत्रणपत्रिकेचे नसावे. ज्ञानेश्वरीची एखादी आवृत्ती घ्यावी, नाथांचा पाठ उभ्या अक्षरांत ठेवावा आणि राजवाड्यांच्या प्रतीत जिथे वेगळा शब्द आहे, तिथे तो ओळीतच, त्या कलत्या वळणात, साध्या वजनाचा छापावा. ठळक करू नये. वाचणाऱ्याला दोन्ही पाठ एका दमात दिसतील आणि कुठला उच्चारायचा ते त्याने ठरवावे.